कोयनेच्या बोअरमुळे भूकंप वाढतात का? आईला काय सांगू?

हेळवाकची लेक:
माझं माहेर कोयना धरणाच्या खाली, हेळवाकजवळ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, आजी जात्यापाशी बसली होती म्हणून वाचली. तिची नणंद आत झोपली होती, ती भिंतीखाली गेली. तेव्हापासून आमच्याकडं "धरण भरलं की भुई हालते" हे पोरासोरांनाही ठाऊक. परवा रात्री पुन्हा फडताळातली भांडी वाजली. आता गावात बोलतात की गोठणे गावात शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, त्यानं भुई जास्त हालणार. आई ७१ वर्षांची आहे. पोतं अंथरून ओसरीच्या बाहेर झोपते. तिला खरं काय ते सांगायचंय.

गाभेवाला, कराड:
ताई, गोठण्याच्या आधी त्याच भागात दीड किलोमीटरपर्यंतची बोअरं झाली, त्यांवर मी कामाला होतो. वर आलेले दगडाचे गाभे पेट्यांत क्रमानं लावायचं काम. काळा पाषाण, मधूनच तांबडी माती, पुन्हा काळा पाषाण, आणि मग एकदम करडा-गुलाबी ग्रॅनाइट. मधे गाळाचा खडक नाहीच. तो पहिला ग्रॅनाइट हातात घेतला तो दिवस मी विसरणार नाही.

बोअरमुळं हादरे येत नाहीत. हादरे १९६२ ला पाणी अडवल्यापासूनचे, बोअरं २०११ नंतरची. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्याच्यापुढं ते भोक काहीच नाही. खालचा खडक मुळातच ताणलेला आहे. भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घट्ट धरून असतात. मुरलेल्या पाण्याचा दाब तिथवर पोचला की ती पकड ढिली होते आणि खडक सरकतो. म्हणून पावसाळ्यानंतर हादरे वाढतात. वारणा धरणात पाणी १९८५ पासून अडवलं, तर १९९३ नंतर तिकडंही धक्के सुरू झाले. भूकंपशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्तांनी हेच दाखवलं: पाणी किती वेगानं चढलं, कुठवर चढलं, किती दिवस तिथं राहिलं, यावर बरंच ठरतं. तुमच्या गावाचं बोलणं खरंच आहे, फक्त बोट धरणाकडं दाखवायचं.

बोअर कशासाठी? इथले बहुतेक भूकंप दहा किलोमीटरच्या आतच होतात. जगात इतकं उथळ, इतकं सतत हालणारं आणि एवढ्याशा जागेत मावणारं ठिकाण मिळणं कठीण. भूकंप जिथं जन्मतो, त्याच्या शेजारी जाऊन खडकाचा ताण, पाण्याचा दाब, उष्णता मोजायची, म्हणून ही धडपड.

हेळवाकची लेक:
दादा, मग पुढचा मोठा धक्का कधी, हे कळेल?

गाभेवाला, कराड:
तारीख नाही सांगता येणार. तसं कुणी सांगितलं तर आईला ऐकू देऊ नका.

दगडमातीचा इंजिनिअर:
भिंत कसली आहे? दगड मातीत रचलेले असतील आणि आतबाहेरचे दोन थर वेगळे असतील, तर आधी ती बघा. १९९३ ला किल्लारीत अशाच भिंतींनी माणसं गाडली. आरपार जोडदगड घाला, दारांच्या वर चारही भिंतींभोवती एकसलग काँक्रीटचा पट्टा बांधा. माळवदावरची माती उतरवा.

हेळवाकची लेक:
माळवद नाही, कौलं आहेत. पण भिंत तशीच, दोन हात जाड, मातीतली. आजीच्या वेळची पडल्यावर त्याच दगडांनी पुन्हा उभी केलेली. रविवारी गवंडी घेऊन जाते. तोवर आईला ओसरीच्या बाहेरच झोपू दे म्हणून आत्ताच फोन केला.