गवती चहाला साबणासारखा वास – मदत हवी आहे

रानजाई: गवती चहा कुंडीत लावला होता. दोन महिन्यांत दणकून वाढला. काल पहिल्यांदाच चहात घातला, तर डास पळवायच्या मलमाचा वास! अख्खं पातेलं ओतून दिलं. उद्या सासूबाई येताहेत, त्यांना गवती चहाशिवाय चालत नाही. लवकर सांगा.

आजोळ: पाती फार घातली असणार. चार कपांना दोन पुरतात. गॅस बंद केल्यावर घाला आणि झाकण ठेवा.

रानजाई: एकच घातली होती हो!

काळीमाती: रोप कुठून आणलं? बुडाचा रंग कसा आहे?

रानजाई: नर्सरीतून. बूड लालसर जांभळं आहे. का?

काळीमाती: मग तो सिट्रोनेला. गवती चहाचाच भाऊबंद, पण चहात घालत नाहीत. आपल्या गवती चहाचं बूड पांढरट हिरवं असतं.

कोचीकर: नुसत्या रंगावरून ठरवू नका. इथे केरळात तेलासाठी लावतात ती जात वेगळी. ओडक्कालीच्या संशोधन केंद्राची ‘सुगंधी’ तर लाल खोडाचीच आहे, आणि वास लख्ख लिंबाचा. पात चोळून बघा. लिंबाचा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा, ते सिट्रोनेलात नावालाच.

आजोळ: मूळ गवती चहा वेस्ट इंडिजचा ना? इंग्रजीत तसंच म्हणतात.

कोचीकर: ते व्यापारातलं नाव. मूळ दक्षिण भारत, श्रीलंका, मलाया याच बाजूचं. थाई लोक सूपमध्ये बुडाचा पांढरा दांडा ठेचून घालतात, आपण पाती वापरतो.

खानदेशी: आमच्याकडचं रोशा गवतही याच कुळातलं. त्याच्या तेलाला गुलाबाचा वास येतो. गुडघ्यांना चोळायला उत्तम.

काळीमाती: गुडघ्यांचं कोणी विचारलंय? रानजाई, चोळून पाहिलंत का?

रानजाई: पाहिलं. लिंबू अजिबात नाही, साबणच. आता बी कुठे मिळेल?

काळीमाती: बियांच्या नादी लागू नका, घरच्या गवती चहाला फुलोरा क्वचितच येतो. ठोंब फोडून लावतात.

सुमनताई: कोथरूडला या, माझ्याकडून ठोंब न्या. पात्यांना धार असते, हात जपा.

रानजाई: ताई, मी नागपूरला आहे!

सुमनताई: अगं, मग आधी सांगायचं! उद्यापुरती भाजीवाल्याकडून जुडी आण, कोथिंबिरीशेजारीच असते. घेण्याआधी पात चोळून बघ.