पीसीएल–पीडीएलएलए फिल्म: मिश्रण तेच, मग पेशी दर बॅचला वेगळ्या का वागतात?

प्रश्न: पॉलिकॅप्रोलॅक्टोन (पीसीएल) आणि अस्फटिकी पॉलिलॅक्टाइड (पीडीएलएलए) ५०:५०, क्लोरोफॉर्ममध्ये ५ टक्के, काचेवर स्पिन कोट (काच फिरवून दिलेला पातळ थर). एमसी३टी३ (उंदराच्या, हाड बनवणाऱ्या) पेशी काही बॅचवर छान पसरतात, काहींवर गोल राहतात. प्रमाण बदलून पाहावं का?

स्फेरुलाइट: प्रमाणाला हात लावू नका. ते बदललं की रसायन, कडकपणा आणि ओलेपणा (पाणी पृष्ठभागावर किती पसरतं ते) एकदमच बदलतात, आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही. त्यापेक्षा फक्त पीसीएलच्या स्फटिकांचा आकार बदलून पाहा: एकच फिल्म कापा. दोन्ही तुकडे ७५ अंशांवर १० मिनिटं वितळवा. एक लगेच बर्फावर ठेवलेल्या धातूच्या पट्टीवर टाका, दुसरा रात्रभर ४० अंशांवर ठेवा. पहिल्यात बारीक, दाट स्फटिक होतात. दुसऱ्यात मोठे, आणि ध्रुवित प्रकाशात त्यांच्यावर काळी फुली स्पष्ट दिसते. ७५ च्या फार वर मात्र जाऊ नका. या जोडीत तापमान वाढलं की घटक वेगळे होतात. क्रांतिक बिंदू (हे वेगळं होणं जिथून सुरू होतं ते तापमान) ८६ अंशांच्या आसपास नोंदवलेला आहे, रेणुभारानुसार तो सरकतो.

डीएससी_प्रेमी: स्फटिकता (किती भाग स्फटिक झालाय ते) डीएससीच्या, म्हणजे तापवताना लागणारी उष्णता मोजणाऱ्या चाचणीच्या, पहिल्याच हीटिंगमधून काढा, दुसऱ्यात फिल्मचा इतिहास पुसलेला असतो. समजा वितळण्याची उष्णता ३५ जूल प्रति ग्रॅम आली, तर ३५ ÷ (०.५ × १३९.५) (०.५ हा पीसीएलचा वाटा, १३९.५ ही पूर्ण स्फटिक पीसीएलची उष्णता), म्हणजे पीसीएलची स्फटिकता सुमारे ५० टक्के. ०.५ ने भागायचं विसरलं की आकडा निम्मा येतो. शिवाय पीडीएलएलएचं काचसंक्रमण (काचेसारखं कडक असलेलं मऊ होण्याचं तापमान) ५०–५५ अंशांच्या आसपास असतं आणि पीसीएलच्या वितळण्याच्या शिखराला चिकटतं. बेसलाइन जपून ओढा.

पेशीशाळा: पावसाळ्यात पुण्या-मुंबईत आधी हवेतली आर्द्रता बघा! क्लोरोफॉर्म भराभर उडतं, फिल्म गार पडते, वाफेचे थेंब बसतात आणि काही मायक्रॉनचे गोल खळगे उरतात. हे खळगे घटक वेगळे झाल्याची खूण समजले जातात. कोटिंग कोरड्या नायट्रोजनखाली करा. मग ४० अंशांवर ४८ तास व्हॅक्यूम, कारण उरलेलं क्लोरोफॉर्म पेशींना मारतं. ऑटोक्लेव्ह नको, १२१ अंशांवर सगळंच वितळेल. ७० टक्के इथेनॉल ३० मिनिटं, नंतर पीबीएसने (पेशींना चालणारं क्षारांचं द्रावण) तीनदा धुवा.

स्फेरुलाइट: एक राहिलं. एएफएम (बारीक सुईने पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजणारी सूक्ष्मदर्शकाची पद्धत) कोरड्या फिल्मवर करून थांबू नका. पाण्यात पीडीएलएलए मऊ पडतं, आणि ३७ अंशांवर पीसीएलचं स्फटिकीकरण चालूच राहतं. पेशी वाढवण्याच्या माध्यमात २४ तास ठेवलेला, पेशी नसलेला तुकडा मोजा. स्कॅन दर वेळी तेवढ्याच क्षेत्राचा, कारण ५ आणि ५० मायक्रॉनच्या स्कॅनमध्ये खडबडीतपणाचा आकडा सारखा येत नाही. पेशींना भेटतो तो हा पृष्ठभाग.