चार इम्प्लांटवर खालची अख्खी रांग टिकते का?

आईंना खाली एकही दात नाही, डॉक्टर चारच इम्प्लांट (दातांना आधार द्यायला हाडात बसवायचे स्क्रू) म्हणतात, दुसऱ्यांनी सहा सांगितले, मग चार पुरतील का, असं विचारलंय. हाड बरं असेल तर पुरतात. हनुवटीकडचं हाड घट्ट असतं, आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जिथे बाहेर येते, ती दोन्ही छिद्रं टाळून मधल्या पट्ट्यात काम करता येतं. मागचे दोन बहुधा तिरके बसवतात, म्हणजे रांगेचं टोक मागे आधाराविना फार लोंबत नाही. आधुनिक दंत-इम्प्लांटचे जनक ब्रेनेमार्क यांनी १९६५ साली स्वीडनमध्ये पहिल्या रुग्णाला बसवले तेही खालच्याच जबड्यात, आणि चारच!

आकड्यापेक्षा साफसफाईचं विचारा. ब्रिज (इम्प्लांटवर पक्की बसवलेली दातांची रांग) आणि हिरडीच्या फटीत मेथीचं पान हमखास अडकतं. तिथे रोज बारीक इंटरडेंटल ब्रश किंवा वॉटर फ्लॉसर फिरवावा लागतो. आईंचा हात थरथरत असेल तर मी अशा फिक्स रांगेचा हट्ट धरणार नाही. दोन इम्प्लांटवर टिचबटणासारखी बसणारी, काढता येणारी कवळी स्वस्तही पडते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत खालच्या जबड्यासाठी पहिली पसंती तिलाच दिली होती. मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा) रिपोर्ट घेऊन जा. मिश्री लावत असतील तर तेही सांगा, लाजू नका.