कारण न सांगता नागरिकत्व नाकारायचा अधिकार सरकारला असावा का?

रंकाळाकाठ (धागा सुरू करणारा)

आमच्या नात्यात एक सूनबाई आहे, मूळची फिलिपिन्सची. दुबईला नोकरीत असताना भावाशी ओळख झाली, लग्न झालं, आणि आता कोल्हापुरात राजारामपुरीत संसार. मराठी चांगलं बोलते, मुलं इथल्याच शाळेत, आयकर भरते, आधार कार्ड आहे. आधार म्हणजेच नागरिकत्व असं अनेकांना वाटतं, म्हणून आधीच सांगतो: अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस इथं राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळतं, आणि तो नागरिकत्वाचा पुरावा नाही असं त्या कायद्यातच लिहिलंय. मत देता येत नाही, ते नागरिकत्व नसल्यामुळं.

1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 प्रमाणे भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीनं नागरिकत्व मागता येतं. लग्नाचं नातं नसेल तर कलम 6. त्यात अर्जाआधीचं सलग एक वर्ष आणि त्याच्या मागच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं इथं राहिलेलं असावं लागतं, चालचलणूक चांगली लागते आणि आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान लागतं. मराठी आली तरी चालतं.

या अटींबद्दल माझी तक्रार नाही. हवं तर आणखी कडक करा. तक्रार त्याच कायद्याच्या कलम 14 बद्दल आहे. सगळ्या अटी पुऱ्या केल्यावरही सरकार आपल्या अखत्यारीत अर्ज मंजूर किंवा नामंजूर करू शकतं, आणि त्याचं कारण द्यायचं बंधन सरकारवर नाही. महाराष्ट्रात 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली साध्या दाखल्याचा अर्ज फेटाळला तरी लेखी कारण द्यावं लागतं, वर अपील करता येतं. मग ज्या अर्जावर माणसाचं अख्खं आयुष्य टांगलेलं असतं तिथं कारण का नको? सूनबाईनं कागद दिले, चौकशी होऊन गेली, पुढं काहीच कळत नाही. नाकारायचंच असेल तर नाकारा, पण ठरलेल्या मुदतीत आणि लेखी कारण देऊन.

पन्हाळा_मुक्काम

सूनबाईंबद्दल वाईट वाटतं, पण दाखला आणि नागरिकत्व एका तराजूत घालू नका. समानतेचं कलम 14 आणि जीविताचं कलम 21 संविधानानं प्रत्येक व्यक्तीला दिलंय, परदेशी माणसालाही. भाषण, संचार, वास्तव्य, व्यवसाय यांचं कलम 19 फक्त नागरिकांसाठी आहे. मतदान आणि निवडणूक लढवणंही त्यांच्यासाठीच. म्हणजे नागरिकत्व देणं म्हणजे देश चालवण्यात वाटा देणं. तो कुणाला द्यायचा हे आधीच्या वाटेकऱ्यांनी, म्हणजे त्यांनी निवडलेल्या सरकारनं ठरवायचं. अटी पुऱ्या केल्या की अर्ज करता येतो, हक्क तयार होत नाही.

1937 पासून भारतात राहिलेल्या लुई डी रेड या बेल्जियन मिशनऱ्याचा खटला 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. पन्नासहून जास्त वर्षं इथं काढूनही न्यायालयानं त्याला नागरिक मानलं नाही. आणि 1949 च्या ऑगस्टमध्ये संविधान सभेत आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख काय म्हणाले होते? या मसुद्यामुळं भारताचं नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. कारणं लिहायची सक्ती केली तर गुप्तचर अहवाल उघडे करावे लागतील, हेही लक्षात घ्या.

बिंदू_चौक

पंजाबरावांचं अर्धंच सांगितलंत. दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या हिंदू किंवा शीख माणसाला भारताचं नागरिकत्व मिळावं, अशीही त्यांची सूचना होती. सभेनं ती स्वीकारली नाही. त्या चर्चेचा दाखला द्यायचा तर निकालही सांगा.

गांधीनगर_कापडपेठ

या विषयावर आमच्या घरात कुणी कोरडेपणानं बोलत नाही. कोल्हापूरजवळचं आमचं गांधीनगर ज्या जागेवर वसलं तिथं आधी दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांची वळीवड्याची छावणी होती. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. ती गेली आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली आमची माणसं आली. आजोबा कराचीहून बोटीनं मुंबईला उतरले होते.

आम्ही नागरिक कसे झालो? संविधानाच्या कलम 6 नं. 19 जुलै 1948 च्या आधी पाकिस्तानातून येऊन इथं राहिलेल्यांना अर्जसुद्धा करावा लागला नाही. त्यानंतर आलेल्यांनी सहा महिने राहून नोंदणी करायची होती. नियम असा साफ लिहिलेला होता, म्हणून आजोबांना कुणाच्या दारात ताटकळावं लागलं नाही. धागाकर्त्याचं म्हणणं मला या अनुभवामुळं पटतं. आणि छळामुळं आलेल्यांना सवलत द्यावी, म्हणून नागरिकत्व कायद्यातली 2019 ची दुरुस्तीही मला पटते.

पन्हाळा_मुक्काम

वळीवड्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कोल्हापूरनं त्या लोकांना पाच वर्षं आसरा दिला, शाळा दिल्या, चर्चला जागा दिली. त्यासाठी नागरिकत्व द्यावं लागलं नाही. आसरा माणुसकीनं द्यावा, नागरिकत्व विचार करून.

बिंदू_चौक

त्यांना पोलंडला परत जायचं होतं किंवा दुसरीकडं स्थिरावायचं होतं, इथं राहायचंच नव्हतं. जो इथंच म्हातारा होणार आहे त्याला आयुष्यभर पाहुणा ठेवणं वेगळं.

गांधीनगरकर, तुमच्या आजोबांना मिळालं ते योग्यच. पण 2019 ची दुरुस्ती 31 डिसेंबर 2014 पर्यंत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना अकराऐवजी पाच वर्षं लावते. 1983 नंतर श्रीलंकेतून आलेले तमिळ अजून तमिळनाडूच्या छावण्यांत आहेत. त्यांतले बहुतेक हिंदूच, तरी ते यात बसत नाहीत. छळ हा निकष असेल तर त्यांना का वगळलं?

गांधीनगर_कापडपेठ

त्यांनाही द्या की. ते राहिले म्हणून आमच्या लोकांचं काढून घ्या, हे मात्र मान्य नाही. राजस्थानात वर्षानुवर्षं झोपड्यांत राहिलेले पाकिस्तानी हिंदू मी डोळ्यांनी बघितलेत.

शिरोळचा_मळेकरी

तुमी सगळी कायद्याचं बोलायलाय, मी जमिनीचं बोलतो. आमच्या गावातली चार पोरं परदेशात गेली, तिकडचा पासपोर्ट घेतला. आता म्हणत्यात बापाच्या उसाशेजारचा तुकडा घेऊया. परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत न्हाई, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. वारसानं आली तर गोष्ट येगळी. हे बरोबरच हाय. जो हितल्या पुरात उभा राहतोय, त्यालाच हितली जमीन आणि हितलं मत. मग ती सूनबाईबी पुरात हितंच होती की! तिला द्या. आणि इचलकरंजीत मागावर कामाला येणाऱ्या यूपी-बिहारच्या माणसांना ह्यात ओढू नका. ती भारताचीच नागरिक हायत.

कागल_ते_कॅनडा

मळेकरीभाऊ, त्या चार पोरांसारखाच मी. इथं कॅनडात पाच वर्षांत 1,095 दिवस राहिलो, भाषा आणि देशाच्या माहितीची परीक्षा दिली, शपथ घेतली. शपथेच्या दिवशी 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भारताचं नागरिकत्व आपोआप गेलं, त्या रात्री मी जेवलो नाही. अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे हे मला घरबसल्या दिसत होतं. नाकारला असता तर कारण कळलं असतं आणि न्यायालयात दाद मागता आली असती. आपल्या पोरांना परदेशात अशी वागणूक मिळावी असं प्रत्येक कोल्हापूरकराला वाटतं. मग आपल्याकडं आलेल्या माणसाला ती का नको?

पन्हाळा_मुक्काम

कॅनडाला माणसं हवी आहेत. आपल्याकडं आसाममध्ये 2019 च्या अंतिम नागरिक नोंदणीत 19 लाखांहून अधिक लोक बाहेर राहिले आणि त्यांच्या प्रश्नाचा निकाल अजून लागलेला नाही. सीमेवरच्या राज्यांची भीती राजारामपुरीत बसून कळत नाही. प्रत्येक नकारावर खटला सुरू झाला तर निर्णयच होणार नाहीत.

रंकाळाकाठ

आसामचा प्रश्न कागद न दाखवता आलेल्यांचा आहे. माझं म्हणणं कायदेशीर व्हिसावर आलेल्या, कागद हातात असलेल्या माणसांबद्दल आहे. गुप्त अहवालाचं म्हणाल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 10 बघा. गुप्त भाग झाकून उरलेला द्यावा, असं तिथं लिहिलंय. तसंच इथं करा. ‘वास्तव्याचे दिवस कमी पडले’ किंवा ‘सुरक्षेच्या कारणावरून’ एवढी एक ओळ तरी लिहा. दिवस कमी पडले असतील तर ती पुन्हा अर्ज करेल.

पन्हाळा_मुक्काम

त्याच कायद्याच्या कलम 24 नं गुप्तचर यंत्रणांना पूर्ण वगळलंय. संसदेनं ते विचार करूनच केलं.

रंकाळाकाठ

पूर्ण नाही. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती कलम 24 मधूनही सुटलेली आहे. शिवाय कारण मी गुप्तचर यंत्रणेकडं मागत नाही. अर्जावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याकडं मागतो.