सोलापुरात जुन्या-नव्या इमारतींचा भूकंपाचा धोका कसा तपासावा?

प्रश्न (साखर पेठ, सोलापूर)

नमस्कार. आमच्या गल्लीत सुमारे ४० घरे असून त्यांपैकी निम्मी दगड-मातीच्या भिंतींची आणि माळवदाची (तुळयांवर मातीचा थर असलेल्या सपाट छताची) आहेत, तर गल्लीच्या तोंडाशी अलीकडेच खाली पार्किंग असलेले चार मजली अपार्टमेंट उभे राहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले असताना, किल्लारीचा धक्का इथेही जाणवला होता. फडताळातली भांडी वाजू लागली आणि आईने आम्हा भावंडांना अंगणात ओढत नेले. भूकंपाच्या नकाशात सोलापूर झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येते, तेव्हा काळजीचे कारण नाही, असे गल्लीतील वडीलधारे म्हणतात. हे कितपत बरोबर आहे, आणि तपासणीची सुरुवात कुठून करावी?

उत्तर (स्थापत्य अभियंता, जुळे सोलापूर)

झोनच्या आकड्यावर विसंबून राहू नये. भूकंप झाला त्या दिवशी किल्लारी हे नकाशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होते. २००२ मध्ये भूकंपविषयक भारतीय मानकात सुधारणा झाली तेव्हा तो भाग झोन ३ मध्ये घेतला गेला. सुमारे ६.२ रिश्टरचा तो भूकंप जगाच्या मानाने मध्यमच होता, तरीही आठ ते दहा हजार माणसे गेली, आणि ती मुख्यतः स्वतःच्याच घरांखाली सापडून गेली. तशीच घरे आपल्या पेठांमध्ये आजही आहेत, म्हणून सुरुवात माळवदापासून करा.

गळती थांबावी म्हणून दर काही वर्षांनी पांढऱ्या मातीचा नवा थर पडत जातो आणि जुना कोणी काढत नाही. एक फूट जाडीची माती म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो वजन, आणि भूकंपात इमारतीवर येणारे आडवे बल वजनाच्या प्रमाणातच वाढते. त्यामुळे प्रत्येक घरात दोन गोष्टी पाहाव्यात: मातीची जाडी किती आहे, आणि तुळया थेट भिंतीवर टेकल्या आहेत की लाकडी खांबांवर. किल्लारी भागात भिंती ढासळल्या तरी खांबांवरचे छत तरल्याची उदाहरणे आहेत.

अपार्टमेंटचा धोका वेगळा आहे. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती आणि खाली नुसते कॉलम, अशी रचना असली की सगळी हालचाल तळमजल्यात एकवटते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात, भूजपासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या. आराखडा मिळवून कॉलममधील रिंगांचे (उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्यांचे) तपशील अवश्य पाहा: रिंगेचे हूक ९० अंशांतच वाकवलेले असतील तर काँक्रीटचे बाहेरचे कवच निघताच ती उघडते, म्हणून ते १३५ अंशांत आत वळलेले हवेत.

उत्तर (बांधकाम मिस्त्री, मूळचे औसा तालुक्यातील)

भिंतीविषयी थोडे सांगतो, कारण भूकंपानंतर आमच्या भागात मी हेच काम केले. जुनी अडीच फुटी भिंत एकसंध दिसते, पण ती दोन वेगळ्या भिंती आणि मध्ये माती-गोट्यांची भर अशी असते. दोन्ही अंगांना बांधणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्याने ती फुगते आणि फाटते. पावसाने गिलावा पडलेल्या जागी हात घालून पाहिला तर मनगटापर्यंत आत जातो, अशा भिंती मी पाहिल्या आहेत. त्यावर उपाय म्हणजे ठरावीक अंतरावर एकेक दगड काढून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचे. मात्र छतावरची जादा माती आधी उतरवावी, कारण त्या ओझ्याखाली दगड हलवणे जिवावर बेतू शकते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा आहेत. त्या १९९३ च्याच समजाव्यात का?

उत्तर (स्थापत्य अभियंता)

तसे लगेच गृहीत धरू नये. खाली काळी माती असेल तर ती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि नेमक्या अशाच भेगा पाडते. भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवा. वर्षभरात ती तुटली तर हालचाल अजून चालू आहे आणि पायाची तपासणी आधी करावी लागेल. माळवदावरची माती कमी करण्यासाठी मात्र या निकालाची वाट पाहू नका.