ख्रिस्त वर आणि आपण वधू, हे मला मनापासून म्हणता येत नाही

मिरजेची_मुलगी

सलाम सगळ्यांना. मी मिरजेची, नर्स आहे. साखरपुडा झालाय, लग्न मे महिन्यात. मुलगा कराडचा, स्वभावाने चांगला वाटतो. लग्नाआधी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आम्हा दोघांना समोर बसवून शास्त्र समजावून सांगतात. गेल्या वेळी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा ५ वा अध्याय काढला. ख्रिस्त वर आहे, मंडळी, म्हणजे सगळे विश्वास ठेवणारे मिळून, त्याची वधू आहे, आणि तुमचं लग्न म्हणजे त्याचंच चित्र आहे, असं म्हणाले. होणारे आमचे हे मान डोलवत होते. मी मात्र घरी येऊन रडले.

कारण माझी थोरली ताई. तिच्या लग्नात मुलाकडचे म्हणाले होते, "आपण ख्रिस्ती माणसं, आम्हाला काही नको." आणि लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा मोटरसायकलचं नाव निघालं. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं. आता रात्री दाराबाहेर गाडी बंद झाल्याचा आवाज आला की ताई ताट वाढायला उठते, आणि ते ताट पोटात जाणार की भिंतीवर, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. मी स्वतः तिच्या ओट्यामागची भिंत पुसलीय, आमटीचा डाग सहजी निघत नाही.

मग देव माझा पती आहे, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मेंढपाळ म्हणते, खडक म्हणते, बाप म्हणते. पती म्हणताना जीभच वळत नाही. कुणाला असं झालंय का?

तासगावचा_बागवाला

ताई, तुमच्या दुःखापुढे माझी अडचण लहान आहे, पण सांगतो. मी पुरुष, द्राक्षबागेत राबणारा माणूस. स्वतःला वधू म्हणायला मलाही कसंतरीच व्हायचं. आमच्या एका वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिताना वधू म्हटलंय ते सगळ्या मंडळीला मिळून. दुसरी म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानात, ३ ऱ्या अध्यायात, बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवतो, आणि वराचा आवाज ऐकून त्याला आनंद होतो. शिवाय आपल्या मातीत हे नवीन नाही. ज्ञानेश्वरांनी विरहिणी रचल्या त्या बाईच्या तोंडून, आणि वारकरी बाप्ये त्या टाळ वाजवत म्हणतात. तेव्हापासून मला लाज वाटत नाही.

साताऱ्याच्या_बाई

पोरी, मी साताऱ्याची, शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त. नवरा जाऊन काही वर्षं झाली.

तुझी जीभ वळत नाही त्यात पाप नाही. पण तू चित्र उलट्या बाजूने धरलंयस, आणि तुलाच काय, निम्म्या मंडळीला ते तसंच धरायला शिकवलंय. आधी घरातला नवरा बघायचा आणि मग देव तसाच असेल म्हणायचं, असं शास्त्र सांगत नाही. शास्त्र आधी ख्रिस्ताला पुढे उभा करतं आणि नवऱ्यांना म्हणतं, आता याच्या मापाला या. तोच अध्याय पुन्हा काढ. २१ व्या वचनात एकमेकांच्या अधीन व्हा असं दोघांनाही सांगितलंय. पत्नींसाठी २२ ते २४ अशी तीनच वचनं आहेत. २५ पासून अध्याय संपेपर्यंत बहुतेक सगळं पतींना उद्देशून आहे, आणि त्यात हुकूम चालवा असं कुठेही नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं, तसं तुम्ही द्या, असं आहे. तुझ्या मेहुण्याच्या घरी हा अध्याय वाचला गेला असेल तर २४ व्या वचनाशी थांबला असेल.

आता मोटरसायकलचं. बायबलमधल्या लग्नांत द्यायची पाळी वराची असते. याकोब राहेलसाठी सात वर्षं राबला, ते उत्पत्ती २९ मध्ये आहे. होशेय संदेष्ट्याचं तर बघ. त्याची बायको त्याला सोडून दुसऱ्यांच्या मागे गेली. तिला परत आणायला त्याने पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमर सातू (शेकेल आणि होमर ही तेव्हाची मापं) मोजून दिले, अध्याय ३. ज्याचा अपमान झाला, किंमतही त्यानेच भरली. देव इस्राएलला म्हणतो, मी तुझ्याशी असा वागलो. ख्रिस्ताने आपल्यासाठी काय भरलं, स्वतःचा जीव, ते तू दर प्रभुभोजनाला ऐकतेस. सासऱ्याला कर्ज काढायला लावणारा वर या चित्रात कुठेच बसत नाही.

आणखी एक. आपल्याकडे मुलगी माहेर सोडते, आणि सोडलं म्हणूनच तिला सगळे दाबतात. उत्पत्ती २ मध्ये आईबापांना सोडायला सांगितलंय ते पुरुषाला. पौल तेच वचन इफिसकरांत घेतो आणि म्हणतो, हे रहस्य मोठं आहे, मी ख्रिस्त आणि मंडळी यांच्याविषयी बोलतोय. पित्याचं वैभव सोडून आला तो वरच. मला हे उमगलं तेव्हा मी हातातलं निवडायचं धान्य बाजूला ठेवून सरळ गुडघे टेकले होते.

तू वाग्दत्त आहेस म्हणून सांगते. त्या काळी वाग्दान म्हणजे नुसता साखरपुडा नव्हे, बांधलेलं नातं. म्हणून तर येशूची आई मरीया घरी आलेली नसतानाही योसेफाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, विचार करावा लागला. पौल करिंथकरांना म्हणतो, मी तुमचं वाग्दान एका पतीशी केलंय. लग्नाची मेजवानी पुढे आहे, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण १९ मध्ये. आपण सगळे सध्या तुझ्यासारखेच आहोत, शब्द दिला-घेतलाय आणि वाट बघतोय. या काळात तुला त्याच्याविषयी प्रश्न पडले तर ते विचारायचेच असतात.

आणि ओढून नेणारा वर हा नव्हे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं तुला ठाऊक असेल. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई बरोबर नव्हत्या. त्यांच्यावर आभाळ कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या परतल्या तरी सोवळंओवळं पाळत होत्या, आणि टिळकांनी ते पाळू दिलं. बाप्तिस्मा लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली, स्वतःचं मन वळल्यावर. शेवटी टिळक आमच्या साताऱ्यात येऊन राहिले, १९१७ मध्ये इथेच त्यांनी देवाचा दरबार हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा सुरू केला. फार तापट माणूस, पण बायकोच्या विश्वासावर त्यांनी बळजोरी केली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

माझं म्हणशील तर, माझे सांधे धरले होते तेव्हा हात डोक्यापर्यंत जायचा नाही. आमचे हे रविवारी सकाळी माझी वेणी घालायचे. भांग वाकडा, पेड सैल, एक बट कायम कानाशी सुटलेली. मी तशीच देवळात जायची. पती पत्नीचं पोषण आणि जतन करतो, हे २९ वं वचन वाचताना मला तो वाकडा भांग आठवतो. माणसाचं प्रेम तेवढंच, तोकडं, आणि तेही मरणापर्यंत. पुनरुत्थानात लग्नं नाहीत असं प्रभू स्वतः सांगतो, मत्तय २२. हे गेल्यावर मला यशया ५४ ने सावरलं. तिथे वैधव्याची अप्रतिष्ठा तुला आठवणार नाही असं म्हटलंय आणि लगेच पुढे, तुझा निर्माणकर्ता तुझा पती आहे. हे वचन सुखात नांदणाऱ्या बाईला दिलेलं नाही, टाकलेल्या आणि दुःखी बाईला दिलंय. म्हणजे तुझ्या ताईला.

मिरजेची_मुलगी

बाई, नाइट ड्यूटीवर वाचलं, दोनदा वाचलं. वराने किंमत भरली, हे मी कधी असं बघितलंच नव्हतं. पण ताईचं काय करू? तिला सगळे सांगतात, मंडळी ख्रिस्ताच्या अधीन असते तशी तू राहा, सोस, प्रार्थना कर, तो सुधारेल.

साताऱ्याच्या_बाई

ख्रिस्ताने मंडळीवर कधी हात उगारला, ते त्यांना दाखवायला सांग. मलाखी २ वाच. तरुणपणीच्या बायकोशी विश्वासघात करणाऱ्याची अर्पणं देव स्वीकारत नाही, आणि तिच्या बाजूने साक्षीदार म्हणून तो स्वतः उभा राहतो. प्रार्थना करायचीच, पण ती माहेरी बसूनही होते. ताईला आधी घरी आणा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे, त्यासाठी सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी असतात. महिलांची हेल्पलाइन १८१, आणि अंगावर आलाच तर ११२.

पाळकसाहेबांकडे पुढच्या वेळी जाताना ताईला बरोबर ने. तुझ्या होणाऱ्या नवऱ्यासमोरच हे सगळं बोल, मोटरसायकलसकट. तो काय म्हणतो ते नीट ऐक, आणि मला कळव.