पॅकार्ड पॅट्रिशियन (१९५५) : कोठारात पडून असलेली गाडी घ्यावी का?

ओहायोकर :
नमस्कार. मी क्लीव्हलंडजवळ राहतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत आणि तोवर एखादी जुनी अमेरिकी गाडी घेऊन ती स्वतःच्या हाताने उभी करावी, असे फार दिवसांपासून मनात आहे. गेल्या महिन्यात वॉरनचे पॅकार्ड संग्रहालय पाहिले (पॅकार्डची पहिली गाडी १८९९ मध्ये याच गावात तयार झाली) आणि परतताना एका शेतकऱ्याच्या कोठारात १९५५ ची चार दारांची पॅट्रिशियन विक्रीला असल्याचे कळले. इंजिन हाताने फिरते, पण तीसेक वर्षांत सुरू झालेले नाही. दारांच्या खालच्या कडा गंजल्या आहेत, आसनांचे कापड उंदरांनी कुरतडले आहे आणि गाडी मागून पार बसली आहे. माझा अनुभव म्हणाल तर पुण्यात वडिलांची फियाट खोलून पुन्हा जोडण्यापुरताच. या गाडीत नेमके काय तपासावे आणि काय दिसल्यास माघार घ्यावी?

जुनी चाके :
गाडी मागून बसली आहे म्हणून लगेच घाबरू नका, मात्र त्याचे कारण कळल्याशिवाय पैसेही देऊ नका. या गाडीला नेहमीच्या स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी एक लांब पोलादी दांडी आहे आणि तिच्या पिळावर गाडीचा भार पेलला जातो. डिकीत सामान भरले किंवा मागे माणसे बसली, की एक विजेची मोटर आखूड दांड्यांना पीळ देऊन गाडी पुन्हा समपातळीत आणते. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मोटरने धावू नये म्हणून तिला सुमारे सात सेकंद थांबवून ठेवणारी योजनाही त्यात आहे. पॅकार्डने या रचनेला ‘टॉर्शन-लेव्हल’ असे नाव दिले होते. पुष्कळदा दोष केवळ त्या मोटरच्या स्विचांत किंवा वायरिंगमध्ये असतो आणि तो घरी दुरुस्त होतो. परंतु दांड्या जिथे चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) टेकतात, तिथला पत्रा गंजून फुगलेला दिसला, तर मी तरी गाडी सोडून देईन. आणखी एक गोष्ट विसरू नका : त्या दांड्यांत साठलेला ताण हाड मोडेल इतका असतो, म्हणून योग्य अवजाराने तो उतरवल्याशिवाय त्यांच्या एकाही नटाला पाना लावू नका.

बॅटरी नेताना हेही ध्यानात असू द्या की ही गाडी १२ व्होल्टची असली, तरी तिच्यात धन टोक बॉडीला जोडलेले असते.

वंगण :
इंजिनाची भीती वाटत नाही, असे आपल्या प्रश्नावरून जाणवते; थोडी वाटू द्या. ३५२ घनइंचाचे हे व्ही-आठ इंजिन पॅकार्डने १९५५ मध्येच प्रथम आणले. त्याच्या ऑइल पंपालाच वायपरसाठीचा व्हॅक्यूम पंप जोडलेला आहे आणि तिथून तेलात हवा शिरली, की हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबावर चालणारे, झडपा उघडणारे भाग) खटखटू लागतात. म्हणून प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, चार दिवस थांबा, चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) उतरवून तळाचा गाळ साफ करा आणि त्यानंतरच स्टार्टरला हात लावा.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. पॉवर ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून चाकांपर्यंत पोहोचवणारा भाग) गाडीत पायाखालच्या पत्र्याच्या खाली बसवलेला आहे आणि चारही चाकांना ब्रेक ऑइलचे एकच सर्किट आहे. त्यात एक रबर जरी फाटले, तरी पेडल थेट तळाला जाते. मी माझ्या गाडीला दोन सर्किटांचा नवा सिलिंडर बसवला. मूळ स्वरूप बिघडले, असे कोणी म्हणाले तर म्हणो.

मुलामा :
ब्रेकबाबत मी सहमत नाही. मूळ सिलिंडर जाणकाराकडून नव्याने बांधून घेतला आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलले, तर तो काम देतो. माझी हीच जोडणी अकरा वर्षे चालू आहे.

मला सांगायचे आहे ते वेगळे. ‘इंजिन फिरते ना’ एवढेच पाहून लोक गाडी घेतात आणि मग क्रोममध्ये बुडतात. रिचर्ड टीग यांनी आखलेले ते उभे, चर्चच्या कमानीसारखे मागचे दिवे पाहिलेत ना? त्यांची घरे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची आहेत. त्यांवर खड्डे पडले असतील, तर प्रत्येक खड्डा तांब्याने भरून, घासून मगच मुलामा चढवावा लागतो आणि त्याची मजुरी इंजिनाच्या सुट्या भागांनाही मागे टाकते. म्हणून एक चिठ्ठी घेऊन जा आणि पट्ट्या, अक्षरे, दिव्यांची घरे, दारांच्या मुठी यांतले काय हजर आहे आणि काय गायब आहे, ते एकेक टिपून घ्या. उंदरांनी खाल्लेले कापड त्या मानाने स्वस्तात सुटेल.

ओहायोकर :
सर्वांचे आभार. काल पुन्हा जाऊन आलो. चासीवरचे दांड्यांचे आधार ठोकून पाहिले, पत्रा घट्ट आहे. समतोलाची मोटर हलली नाही, पण तिच्याकडे जाणारी एक वायर उंदरांनी तोडलेली सापडली. दिव्याचे एक घर खड्ड्यांनी भरले आहे आणि डाव्या बाजूची एक पट्टी नाही. तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला शेतकरी राजी झाला. शनिवारी ट्रेलर नेत आहे. गाडीला ब्रेक नाहीतच असे धरून ती विंचने ओढून चढवीन.